पीडीएफ आहे ना, मग झालं!

आपल्याकडे ‘पीडीएफ पाठवलीय’ हे वाक्य ‘साहेबांची सही झालीय’ याच सुरात म्हटलं जातं. म्हणजे आता पुढचं काय ते देव, छापखाना आणि बाइंडर बघून घेतील. गणपती बसले की दिवाळी अंकांचा हंगाम सुरू होतो आणि डीटीपीवाल्यांच्या मेलबॉक्सात या फायली येऊन पडू लागतात. पतसंस्थेची पानभर जाहिरात, सराफाचं अर्धं पान, नगरसेवकांच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छांत नगरसेवक हसत असतात, त्यांच्या वर आमदार हसत असतात, त्यांच्याही वर मुंबई-दिल्लीचे साहेब हसत असतात आणि सगळे फोटो फेसबुकवरून उतरवलेले असतात. फोटो फुटतोय म्हणून सांगावं तर उत्तर तयार असतं, “अहो, पीडीएफ आहे ना!”

आहे ना. पण कसली?

ॲडोबीनं १९९३ साली पीडीएफ बाजारात आणली ती एका साध्या कामासाठी. माझ्या मशीनवर पान जसं दिसतं तसंच ते तुमच्याही मशीनवर दिसावं, एवढंच. पीडीएफ चूक सुधारत नाही, चूक जपून ठेवते. शिवाय आत सोसायटीच्या मीटिंगची नोटीस असो की आर्टपेपरवरचं चाररंगी मुखपृष्ठ, बाहेरून दोन्ही फायली सारख्याच दिसतात. फोनवर बघायची पीडीएफ वेगळी, छापायची वेगळी. हा फरक ठरतो तो फाइल बनवताना जी खिडकी उघडते तिच्यात. त्या खिडकीत रकान्यांचे सात-आठ कप्पे असतात. आपल्याला त्यातलं एकच बटण ठाऊक, सगळ्यात खालचं, ‘एक्सपोर्ट’.

सगळ्यात वर एक यादी असते. तिच्यातलं ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ हे आपलं लाडकं, कारण फाइल लहान झाली की व्हॉट्सॲपवर लगेच जाते आणि संध्याकाळ मोकळी मिळते. हे निवडलं की पानं लावायचं आपलं सॉफ्टवेअर, इनडिझाइन, रंगीत फोटो इंचाला १०० पिक्सेलवर आणून ठेवतं, जेपीईजी पिळून काढतं आणि रंग नेऊन बसवतं पडद्याच्या आरजीबीत. छापखान्यात १५० लायनींच्या स्क्रीनवर काम करायचं तर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे पानभर जाहिरातीचे पैसे मोजायचे आणि फोटो पाठवायचा फोनपुरता. बरं, अंक हातात आल्यावर पहिला फोन कोणाचा? त्याच जाहिरातदाराचा. “छपाई काही खास नाही हो यंदा.”

थोडे जाणते लोक ‘हाय क्वालिटी प्रिंट’ निवडतात. नाव भारदस्त आहे. पण ते ऑफिसातल्या प्रिंटरसाठी आहे, त्यात आरजीबी रंग आरजीबीच राहतात. आणखी जाणते ‘प्रेस क्वालिटी’ निवडतात आणि हात जोडतात. ‘प्रेस क्वालिटी’ लावली की फोटो आपोआप सुधारतो, अशी या मंडळींची श्रद्धा आहे. हे सेटिंग करतं काय, तर इंचाला ४५०च्या वर पिक्सेल असले तर ते ३००वर उतरवतं. उतरवतं, चढवत नाही. पतसंस्थेचा लोगो ६०० पिक्सेलांचा असेल तर तो दोन इंच रुंदीपर्यंत नीट छापला जाईल. तो आठ इंचांवर ताणलात तर इंचाला ७५ पिक्सेल उरतात, मग खिडकीत क्वालिटी कुठलीही निवडा. चेअरमनसाहेबांच्या गालावर पायऱ्या दिसतात त्या छापखान्यानं बांधलेल्या नसतात.

आता काळ्या रंगाकडे येऊ. खरी गंमत तिथे आहे.

छापखान्यात काळ्याची स्वतंत्र प्लेट असते. मजकूर निव्वळ त्या एका प्लेटवर यावा, १०० टक्के काळा, बाकी तीन प्लेटींवर त्याचा मागमूस नसावा. पण वर्डमधून आलेला काळा हा पडद्याचा काळा असतो. त्याचं चार रंगांत रूपांतर करताना ॲडोबीच्या मूळ सेटिंगमध्ये स्वॉप नावाचं अमेरिकन वेब-ऑफसेटचं प्रोफाइल बसलेलं असतं, ते कोणी बदललेलं नसतं. त्यामुळे नारायण पेठेतल्या शीटफेड मशीनवर छापायच्या अंकाचा रंगांचा हिशोब होतो अमेरिकेतल्या रिळाच्या कागदाच्या मापानं. त्या हिशोबात पडद्याचा काळा म्हणजे निळा ७५, गुलाबी ६८, पिवळा ६७ आणि काळा ९०. बेरीज करा, ३०० टक्के शाई. एवढ्याशा ‘च’साठी!

बरं, शाईचं एक वेळ जाऊ द्या. चार प्लेटींचे रंग एकावर एक तंतोतंत बसले तर ठीक, पण कागद ओढला जातो, हवेतला दमटपणा पिऊन फुगतो आणि रजिस्टर केसभर हलतं. इंग्रजी अक्षराचं त्यात फारसं बिघडत नाही. देवनागरीला मात्र डोक्यावर शिरोरेषा आहे, अख्ख्या ओळीत आडवी धावणारी. रजिस्टर हललं की तिच्या वर निळसर आणि खाली लालसर सावली पडते, आणि कथा वाचता वाचता वाचक चष्मा पुसू लागतो. भिंग लावून बघा, प्रत्येक वेलांटीच्या मागे तिची बहीण उभी असते. चाररंगी काळ्या पट्ट्यावर पांढरी बारीक अक्षरं असतील तर आणखी मजा. अनुस्वार शाईनं बुजतात. ‘आनंद’चा ‘आनद’ होतो आणि पत्रं येतात मुद्रितशोधकाला.

आणि शेवटच्या क्षणी एका अनुस्वाराची चूक सापडली तर? मजकूर निव्वळ काळ्यात असेल तर एक प्लेट बदलायची. चाररंगी काळ्यात असेल तर चारही. दिवाळीच्या तोंडावर प्लेटी काढून देणाऱ्या सीटीपीवाल्याकडे रात्री रांग लागलेली असते, तिथे चार प्लेटी नव्यानं मागून दाखवा. संपादक मग म्हणतात, “राहू द्या हो तो अनुस्वार, वाचक समजून घेतील.” शुद्धलेखनाबद्दल अग्रलेख लिहिणारेच हे म्हणतात.

काळ्याचा आणखी एक भाऊ आहे, ‘रजिस्ट्रेशन’. रंगांच्या यादीत तो काळाच दिसतो, म्हणून नवा ऑपरेटर मजकुराला तोच लावतो. तो चारही प्लेटींवर १०० टक्के येतो, एकूण ४००. तो कागदाच्या कडेला खुणा मारण्यासाठी असतो. वर्तमानपत्री कागदाला २४०च्या आसपास शाई झेपते. त्यावर ४०० घातलीत तर शाई वाळत नाही आणि एका पानाचा ठसा समोरच्या पानावर उमटतो. पुरवणीत शोकसंदेशावर सेलची जाहिरात उमटलेली दिसली तर शंका घ्यायला जागा आहे.

ओव्हरप्रिंट नावाची एक खूण असते. काळ्या मजकुराला ती हवीच, कारण मग खालचा रंग कापावा लागत नाही आणि रजिस्टर हललं तरी पांढरी फट दिसत नाही. हीच खूण पांढऱ्या अक्षरांना लागली तर? पांढरी शाई मशीनवर नसते. पांढरं म्हणजे तिथे खालचा रंग कापून कागद उघडा ठेवायचा. ओव्हरप्रिंट म्हणजे कापू नकोस. दोन्ही हुकूम एकदम पाळले की अक्षरं गायब. होतं असं, की ऑपरेटर काळा फोन नंबर निवडतो, लाल पट्टीवर उठून दिसावा म्हणून पांढरा करतो आणि जुनी खूण तशीच राहते. साध्या पडद्यावर नंबर दिसतो, प्रूफ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चित्रात दिसतो, जाहिरातदार अंगठा दाखवून मंजुरीही देतो. अंकात मात्र नुसती लाल पट्टी, छान, स्वच्छ, लाल.

फॉन्टची कथा मराठीत वेगळीच आहे. युनिकोड येऊन जमाना झाला, तरी जुन्या फॉन्टांवर बसवलेल्या फायली आजही फिरताहेत. त्या फॉन्टांत देवनागरीची अक्षरं रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असतात. फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नाही की मूळ मालक आपापल्या खुर्च्यांवर परत येतात आणि संपादकीयाच्या जागी रोमन कचरा छापला जातो. यावर आपल्या लोकांनी शोधलेला रामबाण म्हणजे ‘कर्व्ह करून पाठवा’. अक्षरांची अक्षरं राहत नाहीत, चित्रं होतात. फॉन्ट हरवायची भीती गेली. पण आता ऱ्हस्व-दीर्घ बदलायचं कोणी? “कर्व्ह केलंय” एवढं म्हटलं की वाद संपतो. मराठी शुद्धलेखनाचे जेवढे बळी या दोन शब्दांनी घेतलेत तेवढे शासनाच्या परिपत्रकांनीही घेतले नसतील. फॉन्ट एम्बेड करणं हा यावरचा साधा मार्ग आहे, एक्स प्रकारच्या पीडीएफमध्ये (तिच्याकडे पुढे येऊच) तर ते सक्तीचं आहे. पण सक्ती म्हटली की आपल्याला आधी पळवाट सुचते.

ब्लीडबद्दल थोडक्यात. पानाच्या कडेपर्यंत रंग हवा असेल तर तो कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर वाढवायचा, म्हणजे कटिंग थोडं इकडेतिकडे झालं तरी पांढरी रेघ दिसत नाही. हे आता बहुतेकांना पाठ आहे. फाइलमध्ये ब्लीड ठेवतातही. फक्त पीडीएफ करताना ‘मार्क्स अँड ब्लीड्स’ या कप्प्यात ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज’ समोरच्या चौकोनात टिचकी मारायची राहते. ठेवलेलं ब्लीड घरीच राहतं, पीडीएफ तेवढी निघून जाते.

या सगळ्या गोंधळावर तोडगा जगानं केव्हाच काढला आहे. आयएसओ १५९३० या मानकातली पीडीएफ एक्स-१ए ही जात २००१पासून उपलब्ध आहे. तिच्यात आरजीबी चालत नाही, फॉन्ट बाहेर राहिलेला चालत नाही, पासवर्ड चालत नाही, आणि कुठल्या छपाईसाठी फाइल बनवली हे आत लिहावं लागतं. तिला पारदर्शकताही चालत नाही, म्हणून अक्षरांच्या सावल्या आणि झळाळ्या चपट्या करून घेतल्या जातात. आमच्या शुभेच्छा-जाहिरातींत नावाला सावली, सावलीला झळाळी आणि झळाळीला सोनेरी कड असते, त्यामुळे त्या चपट्या करताना काय काय होतं ते विचारू नका. ज्यांना सावली सोडवत नाही त्यांच्यासाठी पुढे एक्स-४ आली, ती पारदर्शकता तशीच ठेवते. छापखान्याची यंत्रणा नवी असेल तर तीच द्यावी. मात्र फाइल एक्स आहे म्हणजे सगळं बरोबर आहे असं नाही. फोटोत पिक्सेल किती, हे ती विचारत नाही. नियमात बसणारी गचाळ फाइल बनवता येते, आपल्याकडे ती बनतेच.

आता छापखान्यांकडे वळतो, नाहीतर ते गालात हसत बसतील. डिझायनरनं चुकून विचारलंच, “सेटिंग काय ठेवू?” तर समोरून येतं, “पाठवा हो, बघतो आम्ही.” बघतात म्हणजे रात्री अकराला ऑपरेटर ती पीडीएफ कोरलमध्ये उघडतो आणि ‘जरा नीट’ करतो. उघडताना दोन जोडाक्षरं सुटतात, तीन वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि सकाळी कोणी काहीच केलेलं नसतं. वास्तविक सगळी सेटिंग्ज एका छोट्याशा जॉबऑप्शन्स फायलीत साठवता येतात. छापखान्यानं आपल्या मशीनला आणि कागदाला जुळणारी ती फाइल एकदा बनवायची, प्रत्येक गिऱ्हाइकाला मेल करायची, गिऱ्हाइकानं ती एकदा लोड करायची, संपलं. छापखाने दिवाळीला भेटकार्डं पाठवतात, डायऱ्या पाठवतात, काजूकतली पाठवतात. ही फाइल कोणी पाठवत नाही. कारण ती पाठवली तर चूक कोणाची हे कळेल, आणि ते कोणालाच नको आहे.

तेव्हा जाहिरात पाठवणाऱ्या तमाम पतसंस्था, सराफ, नगरसेवक आणि त्यांच्या भाच्यांनो, एवढंच करा. फाइल ॲक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ लावा आणि काळ्या प्लेटसमोरची खूण काढा. काळा मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर पाठवा. अक्षरांची भुतं मागे उरली तर डिझायनरला फोन करा, छापखान्याला नको.