सुरमई ते करली

मूल मोठं झालं हे कुणी दप्तर भरण्यावरून ओळखतात, कुणी बुटांच्या नाड्यांवरून. आमच्या अलिबागेत ते ताटात कळतं. माशाचे काटे ज्याचे त्याने काढायला लागलं, की बाळपण संपलं.

याचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. पहिलीला सुरमई : मधला काटा उचलला की पास. मग पापलेट. बोंबील ऐच्छिक, त्यात कुणी नापास होत नाही. आणि सगळ्यात शेवटी करली. ती खाताना आमच्या सासूबाईसुद्धा बोलणं थांबवतात, यावरून काय ते समजा.

लेकीच्या ताटातले काटे काढता काढता मी वर्षानुवर्षं गार कालवण जेवले आणि त्याबद्दल घरात सर्वांना ऐकवलंही. मग एक दिवस तिने माझा हात बाजूला सारला. "आई, माझं मी काढते." मला आनंद झाला. गरम गरम जेवले. जीभ पोळली. त्यानंतर लेक एकेक घास तोंडात घालत होती आणि इकडे माझ्या घशात काटा अडकल्यासारखं होत होतं.

मी बाजारात मावशींकडे सुरमई टाळून करली मागायला लागले. करलीला तरी माझी गरज लागेल! मावशींनी काळजीने विचारलं, "वयनी, सगला बरा हाय ना घरान?" त्यांना काय सांगणार?

रस्त्यावरही तेच. हात धर म्हटलं तर म्हणते, "मी काय अलिबागहून आलेय?" अगं, आलीच आहेस! आईबाप दोघंही इथलेच. अलिबागकराला बावळट ठरवणारा हा वाक्प्रचार बंद करावा म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली होती. 2019 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, विनोद विनोदासारखा घ्यावा म्हणून. तेव्हा दादही मागता येत नाही.

त्यात तिला आजोबांनी कोळ्यांचं गणित शिकवलं : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तिथून सहा तासांनी ओहोटी. पाढ्यांना कंटाळणारी ही मुलगी पाऊणकी धडाधड म्हणते, कारण ओहोटी म्हणजे चालत जाता येईल असा समुद्रातला कुलाबा किल्ला. तो शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला आणि पुरा झाला संभाजीराजांच्या हातून. आईबापांनी काम कुठे सोडावं, याचा पुरावा रोज समोर पाण्यात उभा असतो. मला तो दिसतो. वळत नाही एवढंच.

परवा तृतीयेला करली केली. तिने शांतपणे खाल्ली, काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडले आणि सासूबाईंना दाखवले. त्यांनी मान डोलावली. झाली पदवी! हात धुऊन आल्यावर तिने जाहीर केलं, "उद्या चतुर्थी. चार पाऊणे तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. मी मैत्रिणींबरोबर किल्ल्यातल्या गणपतीला जाणार."

"आणि मी?"

तिने विचार केला. "ये. पण लांबून चाल. हात धरायचा नाही. आणि सगळ्यांसमोर 'चिऊ' म्हणायचं नाही."

अटी मी मुकाट मान्य केल्या. किल्ल्यावर जाताना तिला आणि मैत्रिणींना घोडागाडी हवी होती. गाडीचं भाडं मी द्यायचं, याला मात्र स्वावलंबनाची हरकत नव्हती.