पिकअपवाले मामा

जुनी पिकअप बाळगणे आणि जुनी पिकअप चालविणे हे दोन सर्वथा भिन्न व्यवसाय असून, पहिला पत्करलेल्या मनुष्यास दुसऱ्यासाठी सवड क्वचितच मिळते. अकोला, वाशिम, हिंगोली, नांदेड या क्रमाने दक्षिणेकडे उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर, विदर्भाची हद्द संपून मराठवाड्याची सुरू होते त्या संधिस्थळी वसलेल्या कनेरगाव नाक्यावर या पहिल्या वर्गातील मनुष्य हटकून दृष्टीस पडतो. घरच्या कागदोपत्री त्याचे नाव काहीही असो, नाक्यावर त्यास सर्वजण मामा म्हणतात. वयाने मोठे तेही म्हणतात. बहुधा तो टोपी घालतो, उपरण्याने हात पुसतो, आणि ज्या उपरण्याने हात पुसला त्यानेच पुढे तोंडही पुसतो, त्यामुळे त्याच्या डाव्या गालावर ग्रीसचा एक पट्टा वर्षाचे बाराही महिने कायम वस्तीस असतो.

हा प्रदेशच असा की माणसाच्या अंगी दुहेरी निष्ठा आपोआप यावी. एके काळी हिंगोली निजामाच्या मुलखात होती आणि हैदराबाद कंटिंजंटची छावणी तेथे होती. वाशिम इंग्रजी अंमलाखालील वऱ्हाडात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही दोन्ही अंगे एका राज्यात आली खरी, परंतु मामांच्या मनातील सरहद्द अद्याप उठलेली नाही. स्पेअर पार्ट आणावयाचा झाल्यास ज्या गावी जावयाचे आहे तेथील माल महाग, आणि ज्या गावाहून नुकतेच परत आलो तेथील माल खोटा, असा त्यांचा सिद्धांत आहे. दिशा बदलली की गावांचे गुणदोष आपसांत बदलतात. सिद्धांतास बाध येत नाही.

आमच्या पाहण्यातील मामांच्या पिकअपवर ‘एमएच २२’ ही परभणीची अक्षरे आहेत. हिंगोली हा परभणीतून निघालेला स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला आणि पुढे त्यास ‘एमएच ३८’ हा क्रमांक मिळाला. तात्पर्य, मामांची गाडी जिल्ह्याहून वडील आहे. ही गोष्ट मामा प्रत्येक सरकारी नोकरास, त्याने विचारण्यापूर्वी, ऐकवितात. वडीलकीच्या नात्याने गाडीस काही सवलती मिळाव्यात असे त्यांचे प्रामाणिक मत असून, दर वर्षी पासिंगच्या वेळी ते परिवहन कार्यालयात याच मुद्द्यावर तोंडी अर्ज करतात व तो तोंडीच नामंजूर होतो.

आता मूळ विषयाकडे, म्हणजे स्टेरिंगकडे, वळावयास हरकत नाही; मामांच्या गाडीत वळण्यास जो विलंब लागतो त्या मानाने आम्ही लवकरच वळलो म्हणावयाचे. जुन्या गाडीच्या स्टेरिंगमध्ये ‘प्ले’ येतो, म्हणजे हातातील चाक काही अंतर फिरते आणि त्याची वार्ता रस्त्यावरील चाकांस नसते. सरकारला हा व्याधी ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ९८ वा नियम म्हणतो की ही ढिलाई ३० अंशांहून अधिक असता कामा नये, सांध्यांच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि बोल्ट व पिना पक्क्या अडकविलेल्या असाव्यात. तीस अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर बारापासून एकपर्यंतचे अंतर. मामांच्या गाडीत मात्र बाराचे पावणेदोन वाजल्याखेरीज पुढच्या चाकांस वर्दी पोचत नसे. मामांना हा नियम तोंडपाठ आहे, आणि त्यात अंश कोणी मोजावयाचे हे स्पष्ट लिहिलेले नाही, या फटीवर त्यांनी कित्येक वर्षे निर्वेध वाहतूक केली आहे. हळदीचे कट्टे हिंगोलीच्या बाजारात, सोयाबीनचे वाशिमच्या. रस्ता सरळ असला तरी मामांचे दोन्ही हात अखंड डावीउजवीकडे झुलत असत, आणि समोरून येणाऱ्या अनोळखी माणसांस हा गृहस्थ आपणास नमस्कार करीत आहे असे वाटून ते उलट नमस्कार करीत.

या व्याधीचे निदान हा नाक्यावरचा एक सार्वजनिक समारंभ असतो. एक पोरगा आत बसून स्टेरिंग जागच्या जागी डावीउजवीकडे हालवितो. मिस्त्री पोत्यावर उताणा पडून गाडीखाली सरकतो आणि एकेका सांध्यावर पंजा ठेवतो. “हालव.” पोरगा हालवितो. “बस.” पोरगा थांबतो. “आता हळू.” ज्या सांध्यात पंजाखाली बारीकसा ठोका लागतो, तो गुन्हेगार. पुढे जॅक लावून चाक उचलतात. डावीउजवीकडून धरून हालविले असता हालले तर संशय टायरॉडच्या एंडवर, वरखाली धरून हालविले असता हालले तर किंगपिनवर किंवा बेअरिंगवर. भोवती जमलेले पंच या पंचनाम्यावर आपापला शेरा मारतात. कोणी म्हणतो टायरची हवा पाहा, कोणी म्हणतो पाटे बसलेत, आणि ज्याच्याजवळ सायकलही नाही तो म्हणतो की गाडीच बदला. या शेवटच्या सूचनेनंतर मामा उठून त्या इसमास चहाविना परत पाठवितात.

मिस्त्रीने पहिला निकाल दिला तो असा: “मामा, टायरॉड एंड खल्लास झालेत. पण नवे टाकले तरी थोडा प्ले ऱ्हाईल बरं का. बाकीचं बी बघावं लागंन.” यातील पहिले वाक्य मामांनी ऐकले. गंजलेली स्प्लिट पिन पक्कडीने ओढून, नट सैल करून, मिस्त्रीने आर्मच्या डोळ्यावर दोन्ही बाजूंनी दोन हातोडे एकाच वेळी मारले आणि निमुळती दांडी खाली आली. जुना एंड फिरवून काढताना त्याने आटे मोजले, कारण नवा तितकेच आटे आत बसविला नाही तर पुढची दोन्ही चाके एकमेकांकडे तोंड करतात किंवा पाठ फिरवितात आणि टायर आठवड्यात खरडून निघतात. मोजणी चालू असता मामा काल नांदेडहून आलेल्या एका ट्रकची हकीगत सांगत होते. मिस्त्रीचे आटे चुकले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजण्यात तास गेला. मामांनी तो तास मजुरीतून वजा धरावा अशी मागणी केली, हे सांगावयास नकोच.

नवे एंड बसले आणि खरी विपत्ती ओढवली. ज्या कचेरीत सगळेच कारकून अकरा वाजता येतात तेथे एखादा साडेदहास येऊ लागावा आणि बाकीच्यांचा सुस्तपणा हाकिमाच्या नजरेस यावा, तसे झाले. टायरॉड घट्ट होताच किंगपिनच्या बुशा ढिल्या असल्याचे कळले. त्या बदलताच ड्रॅग लिंक वाजू लागली. ड्रॅग लिंक बदलली तेव्हा सर्व दोष वर, स्टेरिंग बॉक्सकडे गेला. खड्ड्यात चाक आदळले की स्टेरिंग हाताला झटका मारी, म्हणून एक आडवा शॉकअप बसविण्यात आला. प्रत्येक बदलाच्या वेळी मामा हा शेवटचा खर्च असे मामींस सांगत. मामींनी हे वाक्य इतक्यांदा ऐकले होते की मामांनी तोंड उघडण्यापूर्वीच त्या डब्यातून पैसे काढून पुढे ठेवीत, आणि “एवढ्यात म्हैस आली असती” एवढेच बोलत. हिशेबात त्या क्वचितच चुकतात.

बॉक्सच्या माथ्यावर एक स्क्रू असतो. तो आवळला की आतील दात जवळ येतात आणि प्ले कमी होतो. मिस्त्री तो चतुर्थांश फेरा फिरवितो आणि मग स्टेरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहतो, कारण दात मध्यभागी अधिक झिजलेले असतात व दोन्ही टोकांस कमी. मध्याच्या मापाने आवळले तर टोकांशी ते अडकतात. मामांनी, मिस्त्री जेवावयास गेला असता, तो पूर्ण फेरा फिरविला. सरळ रस्त्यावर प्ले साफ नाहीसा झाला, आणि मामांनी विजयी मुद्रेने गाडी एका शेतवाटेकडे वळविली. गाडी वळली, पण वळल्यावर परत सरळ होण्यास स्टेरिंगने साफ इन्कार केला, आणि वर्तुळाचा चांगला मोठा भाग पुरा करून पिकअप एका गृहस्थाच्या सोयाबीनमध्ये जाऊन उभी राहिली. शेतमालकाने नुकसानीची मागणी केली. मामांनी त्यास स्क्रूचे तत्त्व समजावून दिले. मागणी कायम राहिली.

येथपर्यंतची कथा दुरुस्तीची झाली. उन्नतीची कथा पुढेच आहे. मामांच्या भाच्याने नवी पिकअप घेतली, तीत पॉवर स्टेरिंग होते, आणि तो पोर नाक्यावर सर्वांदेखत एका बोटाने गाडी वळवून दाखवी. “बोटानं वळती ती गाडी का?” असे मामा आठ दिवस म्हणत राहिले, नवव्या दिवशी त्यांचा उजवा खांदा दुखू लागला. शास्त्राच्या दृष्टीने पॉवर स्टेरिंगची त्यांची ही इच्छा उशिराच जागी झाली. वळताना आतले चाक बाहेरच्या चाकाहून अधिक कोनात वळावे ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्श्पेर्गर नावाच्या गाडी-कारागिराने घोडागाड्यांसाठी काढली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ साली रूडॉल्फ आकरमान याने घेतले आणि जगात नाव आकरमानचे झाले. ही हकीगत आम्ही सांगितली तेव्हा मिस्त्रीने मान डोलाविली व मामांकडे पाहिले. पुढे अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस याने १९२६ साली तेलाच्या दाबाने चालणारे स्टेरिंग मोटारीत बसवून दाखविले, आणि १९५१ साली क्रायस्लर कंपनीने ते विक्रीच्या मोटारीत आणले. मामांनी यावर एवढेच विचारले की त्या अमेरिकन गाडीचा पंप जुन्या बाजारात मिळेल काय.

तो मिळाला नाही. परंतु अकोल्यापासून कुर्ल्यापर्यंत माणसे सोडून, निरोप पाठवून, मामांनी जो सरंजाम जमविला त्याची वंशावळ ते आजही कौतुकाने सांगतात. बॉक्स एका उलटलेल्या गाडीचा, पंप बँकेने जप्त केलेल्या गाडीचा, तेलाचा डबा कोणाचा ते सांगत नाहीत. इंजिनाच्या पुलीस एकच खाच होती, पंपाच्या पट्ट्यासाठी दुसरी हवी, म्हणून दोन खाचांची पुली आली. पंप बसविण्यास जागा नव्हती, म्हणून वेल्डरने लोखंडी ब्रॅकेट केले, ते आधी उलटे केले, मग सुलटे. उत्पादकाच्या नमुन्याहून गाडीत फेरफार करावयाचा तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आड येते, परवानगीची तजवीज करावी लागते, हे आम्ही त्यांच्या कानावर घातले. “फेरफार कुठं? हे तर औषधपाणी हाय,” असे मामा म्हणाले, तूर्त तो अर्ज लिहून, सही करून, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला आहे.

पट्टा चढला, तेल भरले, इंजिन चालू ठेवून स्टेरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवून नळीतील हवा काढली, आणि प्रथम फेरीस मामा मिस्त्रीला शेजारी घेऊन हिंगोलीच्या दिशेने निघाले. स्टेरिंग अलगद फिरत होते, प्ले औषधालाही नव्हता, आणि तरीही गाडी रुंद झालेल्या सरळ रस्त्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत झोकांड्या खात होती. मिस्त्रीने नळ्या पाहिल्या, पट्टा पाहिला, चाकांच्या पुढच्या व मागच्या अंगाचे अंतर टेपने मोजले, सर्व बिनचूक. मग त्याने मामांना बाजूला बसवून गाडी स्वतः चालविली, ती दोरीत गेली. मामांच्या हातांस वर्षानुवर्षांची सवय होती: पावणेदोन वाजेपर्यंत डावीकडे, पावणेदोन वाजेपर्यंत उजवीकडे. पूर्वी हा झोका ढिलाईत विरून जाई. आता त्यातील प्रत्येक मिनिट थेट टायरांपर्यंत पोचत होते. “गाडीचा प्ले गेला,” मिस्त्री परत येताच नाक्यावर जाहीरपणे म्हणाला, “मामाचा तेवढा ऱ्हायला. त्याचा पार्ट कुठं भेटत न्हाई.”

शिवाय सरळ जाताना स्टेरिंगचा दांडा तिरपा दिसतो. ड्रॅग लिंकची लांबी थोडी कमीजास्त केली की तो सरळ होईल असे मिस्त्री सांगून थकला. मामांना आता तिरपाच बरा वाटतो, कारण गाडी चोरीस गेली तर चोर सरळ धरील आणि नाल्यात जाईल, अशी त्यांची मसलत आहे. आमच्या मते ही मसलत त्यांच्या बाकीच्या सर्व मसलतींहून पक्की आहे. आणि तेलाच्या दाबाचा जोर आता सांध्यांवर पूर्वीहून अधिक येऊ लागल्यामुळे नव्या टायरॉड एंडमध्ये पुन्हा बारीकसा ठोका लागू लागला आहे. मामींनी डबा जवळ आणून ठेवला आहे.

वाचकांपैकी कोणी वाशिमहून हिंगोलीकडे जाताना कनेरगाव नाक्यावर चहासाठी उतरले आणि तेथे बोनेट उघडलेली, एमएच २२ क्रमांकाची पिकअप आढळली, तर त्यांनी नमस्कार अवश्य करावा. तो परत मिळेल. स्टेरिंग कसे चालते असे मात्र पुढील गावी तातडीचे काम असल्यास विचारू नये. गाडी विकावयाची आहे काय, हे तर कोणत्याही परिस्थितीत विचारू नये. ती विकाऊ नाही.