कवा येतोय ते सांगा

चालत्या गाडीत नवा आवाज सुरू झाला की चार माणसांना तो चार ठिकाणांहून ऐकू येतो. चालवणाऱ्याला बॉनेटखालून, शेजारी बसलेल्या बायकोला डॅशबोर्डातून, मागच्या सीटवरच्या आईला तिच्याच सीटखालून आणि खिडकीशी बसलेल्या मेव्हण्यांना थेट इंजिनाच्या गाभ्यातून. मेव्हण्यांचं निदान नेहमी सर्वांत महाग असतं. "इंजिन खोलावं लागणार," एवढंच ते बाहेरच्या उसाकडे बघत म्हणतात. पुढचे पाच-दहा किलोमीटर गाडीत मग फक्त तो आवाजच बोलत असतो.

यावरचे घरगुती उपाय ठरलेले आहेत. पहिला, रेडिओ मोठा करायचा. दुसरा, मागच्या खेपेला ज्या पंपावर पेट्रोल भरलं त्याला नावं ठेवायची. तिसरा, डिकी उघडून स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या आणि गेल्या दिवाळीपासून तिथेच राहिलेला डबा बाहेर काढायचा. यातल्या तिसऱ्या उपायाला हसू नये. बरीच खडखड तिथेच संपते आणि डबाही सापडतो.

तरीही आवाज राहिला तर गॅरेज. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अशा गॅरेजच्या दारात थोडा वेळ उभं राहावं. करमणुकीला तिकीट नाही. एरवी वर्गात टाचणी पडली तरी खपवून न घेणारे प्राध्यापक तिथे ओठांचा चंबू करून "टुर्रर्र... टुर्रर्र... आणि मग एकदम खट्!" असं करून दाखवतात. बँकेतले साहेब जिभेने टाळूवर टकटक वाजवतात. मेस्त्री फडक्याला हात पुसत सगळं ऐकून घेतो आणि शेवटी म्हणतो, "साहेब, कसा येतोय ते ऱ्हाऊ द्या. कवा येतोय ते सांगा."

सगळी विद्या या एका वाक्यात आहे. आवाज कसा आहे, हे ऐकणाऱ्याच्या कानावर, स्वभावावर आणि खिशावर अवलंबून असतं. तो कधी येतो, हे मात्र यंत्रावर अवलंबून असतं, आणि यंत्राला कुणाचं मन राखायचं नसतं. दवाखान्यात आपण "कसंतरीच होतंय" म्हणतो आणि डॉक्टर विचारतात, "जेवणाआधी की जेवणानंतर?" तसंच हे.

पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर चिर्रर्र होतं आणि मिनिटाभरात थांबतं, तर बहुतेक बेल्ट ढिला झालाय किंवा झिजलाय. मेस्त्री चालू इंजिनाच्या बेल्टवर पाण्याचे दोन थेंब शिंपडतो. आवाज लगेच वाढला किंवा थांबला तर चोर बेल्टच्याच आसपास आहे. फरकच पडला नाही तर मोर्चा पुलीच्या बेअरिंगकडे. बारीक टिकटिक येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीही भरभर होते, तर संशय टॅपेटवर. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला 800 फेरे मारत असेल, तर व्हॉल्व्हचा ठेका 400चा. कान मुरलेला मेस्त्री हा अर्धा ठेका ओळखतो आणि फिलर गेज काढतो. जुन्या गाड्यांत टॅपेटची फट जेमतेम दोन-तीन केसांच्या जाडीएवढी ठेवायची असते; तेवढ्यावरून मेव्हणे इंजिन खोलायला निघालेले असतात.

आंबा घाटाच्या चढाला चौथ्या गिअरमध्येच रेटायला गेलं आणि किणकिण सुरू झाली, तर ते नॉकिंग. सिलिंडरमधलं काही पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच स्वतःहून भडकतं, त्याचा तो आवाज. गिअर उतरवला की बहुधा थांबतो. आताच्या गाड्यांत इंजिनाच्या अंगालाच एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. तो ही किणकिण ऐकतो आणि संगणक ठिणगी किंचित उशिरा टाकतो. मेस्त्रीचा एक कान कंपनीने आधीच आत बसवून दिला, म्हणायला हरकत नाही. चाळीसच्या पुढे घुंऽऽ येतो आणि न्यूट्रलला टाकून गाडी नुसती घरंगळू दिली तरी जात नाही, तर तो इंजिनाचा नव्हेच; चाकाची बेअरिंग बघा. आणि गाडी बंद केल्यावर अंगणात टिक... टिक... ऐकू येते, ती तापलेला सायलेन्सर निवत असल्याची. तिच्यासाठी रात्री कुणाला फोन करू नये.

गॅरेजच्या दारात पोचल्यावर आवाज गायब होतो, ही सार्वत्रिक तक्रारही या 'कधी'नेच सुटते. आवाज मेस्त्रीला घाबरत नाही. घरापासून गॅरेजपर्यंत येताना इंजिन तापतं, धातू प्रसरण पावतो, काही फटी आपोआप भरतात, ओला बेल्ट सुकतो. म्हणून शहाणा मेस्त्री सांगतो, "रात्रभर गाडी हितंच ठेवा, सकाळी गार असताना मीच चालू करतो."

आणि जागा शोधायची वेळ आली की तो लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलतो. टोक चालू इंजिनावर टेकवतो, मूठ कानापुढच्या हाडाला लावतो आणि डोळे मिटतो. आधी अल्टरनेटर, मग वॉटर पंप, मग टॅपेटचं झाकण. सगळ्या गदारोळातून एका जागेचा आवाज लोखंडातून सरळ वर येतो. पॅरिसमध्ये 1816 साली लॅनेक या डॉक्टरने रुग्णाच्या छातीवर कागदाची सुरळी ठेवून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, नंतर त्याची लाकडी नळी झाली. मेस्त्रीला लॅनेक माहीत नसेल, पण एका ठिकाणी डोळे उघडून तो "सापडला" म्हणतो, तेव्हा तो त्याच घराण्यातला असतो. पुष्कळदा सापडतो तो सैल झालेला पत्र्याचा बोल्ट. पान्याचे दोन आटे, आणि पैसे विचारले तर "चहा सांगा."

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी आवाजाची नक्कल करायचा सराव नको. एका चिठ्ठीवर लिहा: इंजिन गार की गरम, गाडी उभी की चालती, एसी चालू की बंद, चढाला की सपाटीला, क्लच दाबल्यावर फरक पडतो का. मेस्त्रीचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे बरेच पैसे. फक्त ऑइलचा लाल दिवा लागून आतून जड ठकठक सुरू झाली, तर चिठ्ठी लिहीत बसू नका आणि मेव्हण्यांनाही विचारू नका. गाडी कडेला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा.