शेठ, आमच्याकडे काय आहे ते ऐका

शेठ,

सहा वर्षं तुमचं व्हीएमसी मशीन चालवणाऱ्या माणसाला काढायचं होतं, तर केबिनमधून गेटपर्यंत चालत यायला हवं होतं. तुम्ही वॉचमनच्या तोंडी निरोप ठेवलात, ‘उद्यापासून येऊ नको.’ वर शॉपमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, ‘जाऊ दे कोर्टात, त्याच्याकडे आहे काय?’ त्याचं उत्तर उघड पत्रातून देतोय, म्हणजे आत काम करणाऱ्यांनाही वाचता येईल.

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना आला. तेव्हापासून इथल्या कामगाराच्या अंगात एक शिस्त भिनली आहे: पार्टबरोबर त्याचा कागद चालतो. तुमच्याकडेही तेच. साध्या बुशलाही बॅच नंबर, मटेरियलचं सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट. बोअर जरा ओव्हरसाइज झाला की मशीन कुठलं, शिफ्ट कोणाची, लगेच सापडतं. तो बुश करणाऱ्या माणसाला मात्र तुम्ही नियुक्तिपत्र दिलं नाहीत. त्याची हजेरी पेन्सिलीने लिहिलीत आणि कामावर घेताना कोऱ्या कागदावर खाली सही घेतलीत. त्या सहीच्या वर आता माझा राजीनामा टाइप झालाय म्हणे! राजीनामा देणारा माणूस दुसऱ्याच दिवशी ‘मला कामावर घ्या’ असं स्पीड पोस्टाने कळवतो का? ती पोचपावती माझ्याकडे आहे.

बँकेच्या पासबुकात दर महिन्याचा पगार आहे. पीएफच्या पासबुकात तुमच्या आस्थापनेचं नाव आहे. काही महिन्यांचा पीएफ पगारातून कापूनही भरलेला नाही, तेही तिथेच दिसतं. त्याची तक्रार पीएफ कार्यालयात वेगळी जाईल. आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर ऑपरेटर म्हणून माझ्या सह्या आहेत. ते कागद मी तुमच्या कपाटातून उचलले नाहीत, उचलणारही नाही. ते हजर करायला तुम्हालाच सांगावं, असा अर्ज करता येतो.

२१ नोव्हेंबर २०२५ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा तुम्ही फार खूश होतात. तीनशेपेक्षा कमी कामगार असले की कपातीला सरकारची परवानगी लागत नाही, एवढंच तुम्ही ऐकलंत. मी पुढचं वाचलं. कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची किंवा तेवढा पगार. शिवाय पूर्ण केलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, म्हणजे माझ्या हिशेबात ९० दिवसांचा. काढल्यावर थकलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा. पाच वर्षं भरली असल्याने ग्रॅच्युइटी वेगळी. नियुक्तिपत्रही आता बंधनकारक आहे.

वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते. तुमच्याकडे ती असती तर मी आधी तिथेच बोललो असतो; भांडण घरात मिटलेलं मलाही हवं होतं. ती नाही, म्हणून नाशिकला कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिलाय. समेट अधिकारी दोघांना बोलावतील. कार्यवाही सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत त्यांचा अहवाल येतो. समेट झाला नाही, तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. घाई मला नाही, पण मुदत मी चुकवणार नाही. उशिरानेच कामगार हरतो, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. म्हणून तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं प्रत्येकाला सांगत आलात.

आतल्या मित्रांनो, पगाराची स्लिप मागा, पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडा, कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि काढलंच, तर दुसऱ्या दिवशी लेखी कळवा.

शेठ, मला आधी माझं काम परत हवंय. ते मशीन मला आवडतं. ते देणार असाल, तर समेटाच्या पहिल्या तारखेलाच विषय मिटेल. देणार नसाल, तर येताना हजेरीचं मूळ रजिस्टर आणा.

तुमचा व्हीएमसी ऑपरेटर