पंचतारांकित गृहस्थ

टाकी भरली का ते गच्चीवर जाऊन पाहणारा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. जिना झाडला नाही त्या तारखांची वही ठेवणारा दुसरा असतो, आणि गणपतीच्या वर्गणीचा हिशेब दिवाळी उलटल्यावर मागणारा तिसरा. या त्रिमूर्तीत अलीकडे चौथ्याची भर पडली आहे. त्याच्या घराचं एनर्जी ऑडिट झालेलं असतं.

कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत हा कुठेही सापडतो. आमच्या इमारतीतल्या नमुन्याचं नाव आम्ही युनिटराव ठेवलं आहे. वय पासष्टच्या पुढे, निवृत्ती अकाउंट्समधून, मुलगा परदेशी आणि सून त्याहून परदेशी. घरात माणसं दोन आणि लाइटबिल, एसीचे महिने सोडले तरी, तीनशे दहा युनिटांचं. वर्षानुवर्षं ते बिल भरत आणि चार शिव्या घालून विसरत. मग भाच्याच्या ओळखीने घरात ऑडिटर आला, आणि एका निरुपद्रवी पेन्शनराचा कायापालट झाला.

खरं म्हणजे घराला ऑडिटची सक्ती नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्याखाली २००२ साली दिल्लीत ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी निघाली. सक्ती आहे ती सिमेंट, पोलाद, खतं असल्या अवाढव्य कारखान्यांना. आलेला ऑडिटरही ब्युरोची परीक्षा पास होऊन बॉयलर आणि कॉम्प्रेसर यांच्यात वाढलेला. टू बीएचकेमध्ये तो बूट काढून शिरला तेव्हा सुरुवात कुठून करावी ते त्याला कळेना. युनिटरावांनीच त्याला आधी देवघर दाखवलं. ‘‘इथे झिरोचा बल्ब आहे. त्याचं काही नाही, तो झिरोच.’’

‘‘काका, तो पंधरा वॅटचा असतो,’’ ऑडिटर म्हणाला.

युनिटराव खाली बसले. चोवीस तास जळणारा पंधरा वॅटचा दिवा म्हणजे महिन्याला जवळजवळ अकरा युनिट. तीस वर्षांचा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे कालनिर्णयच्या पाठीवर मांडला. चार हजार युनिटांना थोडीच कमी. ज्याला आयुष्यभर शून्य समजलो तो इतका खाऊन गेला, हा धक्का अकाउंट्समधल्या माणसाला सोसणारा नव्हता. माझ्या मते युनिटराव त्या क्षणी जन्माला आले. त्याआधीच्या माणसाचं नाव आता फक्त दारावरच्या पाटीवर आहे, आणि पाटीवरचा दिवा त्यांनी काढून टाकलेला आहे.

पुढचे दोन तास त्या घराने बरंच काही पाहिलं. ऑडिटरने बेडरूमच्या खिडक्या लावून उदबत्ती पेटवली, तेव्हा काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. पण तो उदबत्ती घेऊन देवाकडे न जाता एसीच्या पाइपाकडे गेला. पाइपासाठी भिंतीला पाडलेलं भोक बुजवायचं राहून गेलं होतं. धूर शिस्तीत त्या भोकातून बाहेर जाताना सगळ्यांनी पाहिला. गेली सहा वर्षं बेडरूमबरोबर थोडंफार पुणंही गार होत होतं. मग थर्मल कॅमेरा निघाला. त्यात पश्चिमेची भिंत लालभडक दिसली, फ्रिजच्या दाराच्या कडेने थंडीची निळी रेघ बाहेर पाझरताना दिसली, आणि मधे उभे असलेले युनिटराव पिवळे दिसले. ते चित्र त्यांनी छापून घेतलं. आता ते हॉलमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. पाहुण्यांना आधी तेच दाखवतात.

अहवाल आला बावीस पानांचा. पहिल्या पानावर मुख्य रोग लिहिले होते. फ्रिज १९९६ सालचा, दाराचं रबर गेलेलं, दिवसाला अडीच युनिट खातो. त्याच्याएवढा नवा घ्या, पाऊण युनिटाच्या आत भागेल. गीझरचा काटा ७५ अंशांवर आहे; तुम्ही त्यात पुन्हा गार पाणीच मिसळता, तर ५० वर आणा. भोक बुजवा, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा लावा, पंखे बदलाल तेव्हा बीएलडीसी घ्या, कारण जुना पंचाहत्तर वॅट ओढतो तिथे हा तिशीत भागवतो. शेवटच्या पानावर, परिशिष्टात, बारीक टायपात काही किरकोळ सूचना होत्या. सेट-टॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटनाने बंद करा, मोबाइलचे चार्जर काढून ठेवा, वगैरे.

युनिटरावांनी अहवाल शेवटाकडून वाचायला घेतला. शेवटच्या पानावर खर्च नव्हता.

इथे या माणसाची खरी जातकुळी कळते. ऑडिटने सांगितलेल्या ज्या गोष्टींना पैसे पडतात त्या तो ‘विचाराधीन’ ठेवतो, आणि ज्यांना फक्त दुसऱ्याला बोलावं लागतं त्या त्याच संध्याकाळी अमलात आणतो. चार्जर रिकामा लावून ठेवला तर अर्ध्या वॅटापेक्षाही कमी ओढतो. वर्षभर तसाच राहिला तर दोन-तीन युनिटं. पण त्यावर बायकोला, मोलकरणीला आणि सुट्टीवर आलेल्या नातवाला रोज बोलता येतं. फ्रिजवर एकदाच बोलायचं असतं, तेही दुकानदाराशी, आणि नंतर चेक फाडावा लागतो.

आणि फ्रिजचा विषय निघाला की ते हळवे होत. दिवाळीच्या बोनसमधून घेतलेला, मुलाच्या मुंजीत शेजारच्या तीन घरांचं दूध सांभाळलेला. ब्युरोची ताऱ्यांची लेबलं आली २००६ साली. ‘‘हा त्याच्या दहा वर्षं आधीचा. तेव्हा तारे नव्हते, माल होता,’’ ते फ्रिजवर थाप मारून सांगत. ती थाप बसली की फ्रिज खडखडत चालू होई.

बाकी ताऱ्यांवर त्यांची अपार श्रद्धा. पंचतारांकित हॉटेलात ते जन्मात पाय ठेवणार नाहीत, पण पंचतारांकित एसीखाली ते ताठ बसत. २०२२ च्या जुलैत ब्युरोने एसींचे निकष कडक केले आणि बाजारातला पाच ताऱ्यांचा एसी एका रात्रीत चार ताऱ्यांचा झाला. यंत्र तेच, वीज तेवढीच. पण आपल्याला पदावनती मिळाल्याचं दुःख त्यांनी बरेच दिवस बाळगलं. घरच्या एसीवरचं जुनं लेबल मात्र त्यांनी काढलं नाही. वर सेलोटेप लावून ते पक्कं केलं.

एसी चोवीसवर. २०२० पासून स्टारवाले नवे एसी चालू केले की आपोआप चोवीसवरच येतात, हे ते प्रत्येकाला सांगतात, जणू त्या बैठकीला हे हजर होते. एक अंश वाढवला की सहा टक्के वीज वाचते, हे ब्युरोचं वाक्य त्यांच्या तोंडी असतं. गेल्या मे महिन्यात आलेल्या व्याह्यांनी रिमोट हातात घेतला तेव्हा यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, ‘‘अठरावर करायचंय? करा की. पाहुणे आहात. छत्तीस टक्के.’’ व्याही रात्रभर घामेजून पडले होते, असं नंतर विहीणबाईंनी फोनवर सांगितलं.

लग्नाच्या हॉलमध्ये अक्षता पडायच्या आधी ते झुंबरांकडे पाहून ओठांतल्या ओठांत बेरीज करतात. वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनीबाहेर, सगळे खाली मान घालून उभे असताना, यांनी तिथल्या माणसाला बाजूला घेऊन जोडभार विचारला होता. तुम्ही त्यांच्या बाथरूममध्ये असलात तर आतला दिवा बाहेरून बंद होतो, आणि मग दाराबाहेरून ‘‘आत आहात होय!’’ असं ऐकू येतं. आवाजात माफी नसते, तुम्ही वेळ लावत असल्याची नोंद असते.

पण त्यांचं खरं दैवत जिन्याखालच्या मीटरखोलीत आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो. आमच्या मीटरांवर ३२०० असा आकडा आहे, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. ऑडिटरने सहज जाता जाता हे सांगितलं आणि निघून गेला. त्याचं काय गेलं! मिनिटाला एकदा लुकलुकला तर घरात साधारण एकोणीस वॅट चालू आहेत, हे गणित युनिटरावांनी स्वतः काढलं, काकूंनाही शिकवलं, आणि रात्री अकराला घर निजवून ते टॉर्च घेऊन खाली उतरू लागले. टॉर्च हाताने फिरवायच्या दांडीचा. ‘‘सगळं बंद आहे, तरी कोणीतरी पितंय,’’ ते पहाऱ्यावरच्या वॉचमनला सांगत. हा घरगुती मामला आहे असं समजून तो गप्प बसे. पिणारे निघाले सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय.

दोन महिन्यांच्या या तपश्चर्येनंतर बिल आलं. तीनशे सहा.

तीनशे हा त्यांचा उंबरठा. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा, शंभर, तीनशे, पाचशे असा चढता. तीनशे ओलांडले म्हणून सगळं बिल महाग होत नाही, फक्त वरच्या युनिटांना पुढचा दर लागतो. हे त्यांनी इमारतीतल्या बहुतेकांना लिफ्टमध्ये समजावलं आहे. म्हणजे उरलेल्या सहा युनिटांचा फटका फार मोठा नव्हता. पण प्रश्न पैशांचा राहिला नव्हता. त्यांनी वायफायवरही बंदी आणली आणि परदेशातल्या मुलाला ‘‘फोन कर, पण दिवसा’’ असं कळवलं.

या सगळ्यात काकू काय करत होत्या? डाळ-तांदूळ भिजत घालून मग कुकर लावणं, इस्त्रीचे कपडे साठवून एकदाच करणं, दुपारी पश्चिमेचे पडदे ओढणं, हे त्या ऑडिटच्या आधी तीस वर्षं करत आल्या होत्या, फक्त त्याचा अहवाल निघाला नव्हता. तो बावीस पानांचा अहवाल मात्र त्यांनी पहिल्या पानापासून वाचला. गीझरचा काटा पन्नासवर त्यांनी आणला, भोक प्लंबरकडून पांढऱ्या सिमेंटने त्यांनी बुजवून घेतलं. आणि दसऱ्याला भिशी लागली तशी नवा फ्रिज घरात आणून उभा केला.

युनिटराव गहिवरले, पण एक्स्चेंजमध्ये जुन्याचे दुकानदाराने सांगितलेले बाराशे रुपये ऐकून उसळले. ‘‘बाराशे? ह्याच्या कॉम्प्रेसरचं वजनच पाहा!’’ फ्रिज विकायचा नाही, मागच्या बाल्कनीत नुसता कपाट म्हणून ठेवायचा, असं ठरलं.

पुढच्या महिन्याचं बिल आलं तीनशे सव्वीस. युनिटरावांनी मीटर सदोष असल्याचा अर्ज लिहायला घेतला.

चौदा डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिवस. हा सण आमच्या इमारतीत त्यांनीच आणला. संध्याकाळी साताला त्यांनी घरातलं सगळं बंद केलं, नवा फ्रिजसुद्धा, आणि आम्हा दहा-बारा जणांना मीटरखोलीत नेलं. आपला लाल ठिपका कसा स्थिर राहतो आणि इतरांचे कसे लुकलुकतात, असं ते प्रात्यक्षिक होतं. आम्ही श्वास रोखून पाहत होतो. ठिपका लुकलुकला. थोड्या वेळाने पुन्हा लुकलुकला. पुन्हा.

‘‘मी म्हटलं नव्हतं? मीटर सदोष आहे!’’

काकू मागे उभ्या होत्या. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. ‘‘दर आठ सेकंदांनी एक,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे एकशेचाळीस वॅट. अहो, बाल्कनीत काय चालू आहे?’’

मंडळी वर गेली. बाल्कनीतल्या कपाटाची वायर जुन्या गाद्यांच्या मागून फिरवून वॉशिंग मशीनच्या प्लगात घातलेली होती. आत श्रीखंडाचा डबा आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. ‘‘अधूनमधून चालवला नाही तर कॉम्प्रेसर जाम होतो,’’ युनिटराव म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना त्यांना मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. काकूंनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला आणि त्याने नऊशे रुपये दिले.

नव्या वर्षात बिल आलं दोनशे एक्कावन्न. युनिटरावांनी इमारतीत पेढे वाटले आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तीन परिच्छेदांचा मजकूर टाकला. ‘चार्जर काढून ठेवण्याचे चमत्कारिक परिणाम’ असा त्याला मथळा होता. काकूंनी त्याखाली नमस्काराचे दोन हात टाकले.

तेव्हा तुमच्या घराचं ऑडिट जरूर करून घ्या. पैसे वसूल होतात. अहवालाचं पहिलं पान मात्र काकूंना दाखवून त्यांचा सल्ला घ्या. परिशिष्ट समजावून द्यायला युनिटराव आपण होऊन येतील. बेल वाजायची वाट पाहू नका; ते कडी वाजवतात.