फोपंत

आमच्या सॅन होझेत मराठी माणसांच्या दर टोळक्यात एक फोपंत असतो. तो ओळखायला सोपा. शनिवारी दुपारी कोणीतरी म्हणतं, "चला, आज फो खायला जाऊ," आणि घोळक्यातला एकजण दाढ ठणकावी तसा चेहरा करतो.

"फो नाही रे. फऽ."

इथून त्या व्हिएतनामी शेवया-रश्श्याच्या नावाची शिकवणी सुरू. फोपंतांच्या मते हा उच्चार मराठी माणसाला जन्मजात येतो, कारण बालवाडीत फणसाचा म्हणून घोकलेला फ तो हाच. इंग्रजी पाटी वाचून आपण त्याला ओकार देतो, हे आपलं करंटेपण. फक्त तो फ म्हणताना आवाज मध्येच खाली बुडवून वर काढायचा, फोनवर नीट ऐकू आलं नाही की आपण "हंऽ?" करतो, तसा. व्हिएतनामी भाषेत असे सहा सूर आहेत. एकच 'मा' सहा तऱ्हांनी म्हटला तर भूत, आई, पण, थडगं, घोडा आणि भाताचं रोप. "म्हणजे घसा बसलेल्या मुलाने आईला हाक मारली तर?" असं मी एकदा विचारलं होतं. पंतांना विनोद चालतो, पण तो त्यांनी केलेला असावा लागतो.

व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरात नाही एवढी व्हिएतनामी वस्ती सॅन होझेत आहे. पंत इथे पंधरा वर्षं राहतात. पण साक्षात्कार झाला तो 2019 मध्ये, हनोईच्या पाच दिवसांच्या सहलीत. ओबामांनी 2016 साली हनोईत ज्या टेबलावर जेवण घेतलं, ते टेबल आता काचेच्या पेटीत ठेवलं आहे. त्या पेटीशेजारी उभ्या असलेल्या फोपंतांचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. ओबामांनी तिथे फो नव्हे, बून चा खाल्लं होतं, हे आपण बोलून दाखवायचं नसतं.

हनोईहून आल्यापासून पंत कट्टर उत्तरेचे झाले. हनोईचा फो म्हणजे नितळ रस्सा, तांदळाच्या चपट्या शेवया, वर पातीचा कांदा. जोडीला लसणीचं व्हिनेगर आणि फार तर तळलेल्या पिठाच्या कांड्या. सायगावकडे तोच रस्सा जरा गोडसर होतो आणि शेजारी पालेभाजीची गाडी उलटल्यासारखी ताटली येते: मोड आलेले मूग, बडीशेपेच्या वासाची तुळस, लिंबू, मिरच्या. त्यावर लोक गोड काळा होइसिन सॉस पिळतात आणि कोंबड्याच्या चित्राच्या बाटलीतलं लाल श्रीराचाही. हनोई ही व्हिएतनामची सदाशिव पेठच. फो कसा खावा यापेक्षा कसा खाऊ नये यावर तिथे जास्त एकमत. अडचण एवढीच, की आमच्याकडची हॉटेलं बहुतेक सायगावच्या वळणाची. त्यामुळे पंत दर शनिवारी दक्षिणेत बसून उत्तरेची वकिली करतात. पलीकडच्या टेबलावरचा एखादा व्हिएतनामी आजोबा निवांतपणे होइसिन पिळत असला, की पंत आमच्या कानात कुजबुजतात, "साउथचा असणार." आजोबा मान वर न करता खात राहतात.

हॉटेलांच्या नावांत आकडे असतात, त्यांचाही पंतांकडे इतिहास तयार. 54 म्हणजे 1954. त्या वर्षी देशाचे दोन भाग झाले आणि 8 ते 10 लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले, त्यांच्याबरोबर फोचं पातेलंही गेलं. 75 म्हणजे 1975, सायगाव पडलं ते साल. त्यानंतर जे देश सोडून निघाले त्यांच्यातल्या अनेकांनी आमच्या शहरात वस्ती केली. हे सगळं खरं आहे आणि ऐकताना गलबलूनही येतं. एकदा मात्र एका पाटीवरचा आकडा कुठल्याच लढाईत बसेना. पंत फुटपाथवर दहा मिनिटं उभे. शेवटी वहिनींनी दारावर बोट दाखवलं. तो घर नंबर होता.

वहिनींचं हे असंच. व्हिएतनामी थट्टेत बायको म्हणजे भात आणि बाहेरचं प्रकरण म्हणजे फो. भाताचा वीट आला की फोची हुक्की येते, असं तिथे म्हणतात. ही गंमत पंत दर वेळी सांगतात, डोळा मिचकावून. वहिनी दर वेळी ऐकून घेतात. एकदाच म्हणाल्या, "याचं प्रकरण दर शनिवारी बारा माणसं बरोबर घेऊन होतं."

गेल्या उन्हाळ्यात माझी काकू कऱ्हाडहून आली. शुद्ध शाकाहारी, अंड्याचा केकही लांबूनच. पंतांना कळताच त्यांनी आमंत्रण दिलं. नवा श्रोता म्हटला की त्यांना राहवत नाही.

ऑर्डर अर्थातच पंतांनी दिली, व्हिएतनामीत. गोमांसाच्या पंधरावीस प्रकारांची पानं उलटून आम्ही नेहमी कोंबडीवर थांबतो. कोंबडी म्हणजे 'गा', पण म्हणताना आवाज खाली सोडायचा. सपाट राहिला तर 'गा' म्हणजे रेल्वे स्टेशन. फ्रेंच साहेबाने जाताना मागे ठेवलेला शब्द. पंतांचा आवाज काही सुटत नाही. शिवाय सगळ्यात मोठ्या वाडग्याला तिथे 'आगगाडी' म्हणतात, आणि पंतांना तोच लागतो. त्यामुळे ते दर वेळी आगगाड्यांत रेल्वे स्टेशनं मागवतात. वाढणारी पोरगी सवयीने कोंबडी लिहून घेते.

मी म्हटलं, "काकूचं व्हेज." पंत तोवर सहा सुरांच्या चौथ्या सुरावर पोचले होते. पोरीने काकूकडे वळून खात्री करून घेतली, "चाय?"

व्हिएतनामीत 'चाय' म्हणजे शाकाहारी. प्रतिपदेला आणि पौर्णिमेला बौद्ध लोक मांस सोडतात, ते जेवण चाय. हे पंतांनी मला निदान आठ वेळा सांगितलं आहे. त्या क्षणी मात्र ते थडगं आणि घोडा यांतला फरक गाऊन दाखवत होते, आणि मी ते ऐकत होतो. काकूने हात हलवला. "नो, नो. आफ्टर." आणि मला म्हणाली, "जेवायच्या आधी कसला चहा विचारतात रे?"

आधी रोल आले. तांदळाचा कागद, आत पाला नि शेवया. "ह्याला स्प्रिंग रोल म्हणू नका काकू," पंत म्हणाले, "हा गोई कुऑन. तळलेला वेगळा. त्याला दक्षिणेत चा यो म्हणतात, उत्तरेत नेम." काकूने रोल उजेडात धरला. "ही तर सालपापडी," ती म्हणाली. "उन्हात घालायच्या आधीची." मग आणखी निरखून, "आत कोणीतरी झोपलंय." ती कोळंबी होती. रोल माझ्या ताटलीत आला. बुडवायच्या पाण्यात काय आहे, असं तिने विचारलं. पंत खुलले, मासे मिठात मुरवून वर्षभर लाकडी पिंपात कसे ठेवतात, ते त्यांनी डोळे मिटून सांगितलं. डोळे उघडले तेव्हा काकूची खुर्ची हातभर मागे गेली होती.

आणि चार आगगाड्या आल्या. चारींत कोंबडी.

दुसरा कोणी ओशाळला असता. पंतांना गोष्ट आठवली. युद्धाच्या काळात हनोईत मांस मिळेनासं झालं, सरकारी दुकानांत नुसता रस्सा नि शेवया मिळत. अमेरिकेची बिनवैमानिकाची टेहळणी विमानं तेव्हा वर घिरट्या घालत, म्हणून लोकांनी त्या बिनमांसाच्या फोला नाव दिलं, 'बिनवैमानिकाचा फो'. हे सांगत पंतांनी काकूच्या वाडग्यातले तुकडे चॉपस्टिकने उचलून स्वतःच्या वाडग्यात घेतले. "घ्या काकू. आता बिनवैमानिकाचा."

काकू म्हणाली, "अरे बाबा, वैमानिक उतरला तरी विमान त्याचंच ना?"

मी उठून गल्ल्यावर गेलो आणि उच्चाराची फिकीर न करता "चाय, चाय" असं दोनदा म्हणालो. पाच मिनिटांत टोफू घातलेला वाडगा आला. काकूने आधी नाक जवळ नेलं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, जाळावर काळा केलेला कांदा आणि आलं. "काळ्या मसाल्याचं सामान आहे रे सगळं," ती म्हणाली. "फोडणी तेवढी राहिली." मग अख्खी आगगाडी तिने चमच्याने, आवाज करत, न बोलता संपवली आणि निकाल दिला: "पथ्याचं आहे. बाळंतिणीला द्यावं."

पंतांना हे लागलं. ते उत्तर द्यायला गेले, पण त्यांच्या वाडग्यातल्या शेवया एव्हाना रस्सा पिऊन फुगल्या होत्या. फो मांडला की लगेच खावा, थांबलात की तो गेला, हे त्यांचंच वाक्य. वहिनींनी ते त्यांना ऐकवलं नाही. फक्त लसणीच्या व्हिनेगरची बाटली पुढे सरकवली. ती त्या घरून पर्समध्ये घेऊन येतात.

तेव्हा वाचकहो, सॅन होझेला आलात आणि शाकाहारी असलात, तर कोणी "चाय?" विचारताच हो म्हणा. चहाला तिथे 'त्रा' म्हणतात. तो न मागता येतो, आणि त्यात दूध मागायचं नसतं.