आप्पांचे हेमाडपंत

आप्पांसमोर सिमेंटचं नाव काढू नये. काढायचंच झालं तर हाताशी तासभर असावा आणि चहा आधीच झालेला असावा, कारण एकदा विषय निघाला की पाहुण्याला चहा विचारायचा राहून जातो. "हेमाडपंतांनी कुठं वापरलं होतं सिमेंट?" हा पहिला सवाल. उत्तराची वाट ते बघत नाहीत.

असले आप्पा तुमच्याही गावात असणारच. रिटायर होऊन चार-सहा वर्षं झालेली, पेन्शन वेळेवर, गुडघे कुरकुरणारे, आणि तरीही सकाळी सहाला काहीतरी अवजार हातात घेऊन अंगणात उभे. कुणी होमिओपॅथीची पेटी उघडतो, कुणी मधमाश्या पाळतो. बिडकीनच्या आप्पांनी बंगल्यापुढच्या बागेला कोरड्या दगडांची भिंत घालायला घेतली. सिमेंट नाही, चुना नाही, मातीचा गिलावाही नाही. दगडावर दगड, बस्स. कोकणात असे गडगे पावलोपावली दिसतात. पैठण रस्त्यावरच्या नव्या कॉलनीत मात्र हा पहिलाच प्रकार, त्यामुळं येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "आप्पा, सिमेंट संपलं का?"

हा प्रश्न त्यांना फार झोंबायचा, कारण त्यांची उभी हयात सिमेंटातच गेलेली. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. कालव्याचं अस्तर, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या. किती पोती त्यांच्या सहीनं जमिनीत गेली, याचा हिशेब कुठल्यातरी कपाटातल्या मेजरमेंट बुकांनाच ठाऊक. आयुष्यभर पंगतीत जेवणं उठवून म्हातारपणी उपासाचं महत्त्व सांगावं, तसं हे झालं.

सवयी मात्र सुटत नाहीत. पहिला थर लागला त्या संध्याकाळी आप्पा नळी घेऊन भिंतीला पाणी मारत होते. चांगली वीस मिनिटं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही कोपरा कोरडा राहू न देता. काकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, कोंब फुटायची वाट बघताय का?" आप्पांनी नळी बंद केली आणि जवळच्या जास्वंदीकडं वळवली, जणू पहिल्यापासून जास्वंदीलाच पाणी घालत होते.

हेमाडपंत या घरात नेमके कधी शिरले, हे काकूंनाही सांगता येत नाही. पण शिरले ते पसरले. कुकरची शिट्टी बिघडली, तेव्हा आप्पा म्हणाले, "हेमाडपंतांच्या घरी कुठं कुकर होता?" लाइट गेली, हेमाडपंत. नातवाचा मोबाइल फुटला, हेमाडपंत. भाच्याच्या साखरपुड्यात व्याह्यांना त्यांनी समजावलं की संसारही हेमाडपंती बांधणीसारखा असावा, मध्ये काही न भरता एकमेकांच्या वजनावर उभा. व्याही लातूरचे, ते गप्प राहिले. शेवटी गल्लीतल्या पोरांनी भिंतीचंच नाव हेमाडपंत पाडलं. "चेंडू हेमाडपंतात गेला." "हेमाडपंतावर चढू नको, आप्पा ओरडतील." एका रात्री वळवाच्या पावसात कोपऱ्याचा दीड फूट भाग घसरला, तर सकाळी दूधवाल्यानं सरळ सांगितलं, "काकू, रात्री हेमाडपंत पडले जणू."

त्यातच शेजारचे इतिहासाचे मास्तर एकदा बोलून गेले. हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकातला. अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. त्यालाही लोक हेमाडपंती म्हणतात, पण तेव्हा हेमाडपंतांचा जन्मही झाला नव्हता. शिवाय त्या देवळांचे दगड घडीव. खाचेत खाच बसवून, स्वतःच्या वजनानं घट्ट झालेले. शेतातल्या वेड्यावाकड्या धोंड्यांचा त्यांच्याशी काय संबंध? मोडी लिपी त्यांनी आणली, बाजरी त्यांनी आणली, असंही लोक म्हणतात. आता तुमची भिंतही त्यांच्याच खात्यावर टाका.

दोन दिवस आप्पा मास्तरांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकाशी गाठून म्हणाले, "मग तर फारच उत्तम. हेमाडपंतांच्याही आधी सिमेंट नव्हतं!"

आप्पांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही, हे नाइलाजानं मान्य करावं लागतं. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सिमेंटची ताठ भिंत तिच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकते. कोरडी भिंत थोडी इकडं-तिकडं सरकते आणि पुन्हा बसते. भिंतीमागं पाणी तुंबत नाही, दगडांच्या फटींतून निघून जातं. सिमेंटच्या भिंतीत त्यासाठी पाइप ठेवावे लागतात. मातीच्या धरणाला पाण्याच्या अंगानं दगडाचं पिचिंग असतं, तेही बहुधा कोरडंच. हे आप्पांइतकं कुणाला माहीत असणार? ही विद्या जुनी आहे आणि जगभर आहे. युनेस्कोनं 2018 साली कोरड्या दगडी बांधकामाची कला आपल्या वारसा यादीत घेतली, क्रोएशियापासून स्वित्झर्लंडपर्यंत आठ देशांच्या नावावर. 2024 मध्ये आयर्लंड, बेल्जियमसकट आणखी पाच देश आले. त्या दिवशी आप्पांनी मोबाइलवर यादी वरपासून खालपर्यंत वाचली. भारत नाही म्हटल्यावर ते जेवले, पण कमी जेवले.

ज्ञान वेगळं आणि हात वेगळा. मुरूम लागेपर्यंत पाया खोदला, बुडाला दोन फूट रुंदी ठेवली, वर निमुळती होत जाईल अशी दोरी बांधली, इथपर्यंत सगळं पुस्तकाबरहुकूम. पुढं काळा दगड आला. घनफुटाला त्याचं वजन ऐंशी किलोच्या आसपास भरतं. आप्पा एक दगड उचलायचे, ठेवायचे, बसत नाही म्हणून काढायचे, फिरवायचे, पुन्हा ठेवायचे. शेवटी गावातल्या एका म्हाताऱ्या वडार मिस्त्रीला बोलावणं गेलं. तो आला, ढिगाकडं बघत विडी ओढली, वाकला, एक दगड उचलला, हातात एकदाच फिरवला आणि ठेवला. बसला. एकदा उचललेला दगड तो परत ढिगात टाकत नव्हता.

मग तो आप्पांनी लावलेल्या बाजूला गेला. बाहेरून भिंत देखणी होती. लांब दगड आडवे, तोंडं सरळ, सांध्याशी सांधा जुळलेला. मिस्त्रीनं सुतकीनं दोन ठिकाणी ठोकलं. आत पोकळ. लांब दगड भिंतीच्या पोटात शिरायला हवा, शेपूट आत आणि तोंड बाहेर. तो आडवा लावला की फूट लवकर भरतात, पण भिंत धरत नाही. खालचा सांधा वरच्या दगडानं झाकला पाहिजे. चिपा आतून बसवायच्या, दर्शनी बाजूनं ठोकायच्या नाहीत. मिस्त्रीनं यातलं काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "सायेब, असल्या कामाचं बिल तुम्हीच तर कापायचे."

आप्पांनी तीस-बत्तीस वर्षं ठेकेदारांची हीच लबाडी पकडली होती. बाहेरून तोंडं, आत कचरा. त्यांनी चष्मा पुसला आणि आपल्या हातानं भिंत उतरवायला घेतली. त्या दिवशी हेमाडपंतांचं नाव निघालं नाही. काकूंना काळजी वाटली.

हे दगड आले कुठून, हे फार दिवस कुणी विचारलं नव्हतं. डबर ब्रासच्या भावानं कुठूनही येतो, असाच सगळ्यांचा समज. ते मिस्त्रीनं ओळखलं. काही दगडांवर एका अंगाला पांढुरके डाग होते, दुसऱ्या अंगाला मातीचा काळा रंग मुरलेला. खाणीतला दगड असा नसतो. आप्पांच्या वडिलांचं शेत बिडकीनच्या शिवारात होतं. ऑरिक या औद्योगिक वसाहतीसाठी इथली सुमारे आठ हजार एकर जमीन गेली, त्यात तेही गेलं. ऑरिकचे रुंद रस्ते झाले, मोटारींच्या कारखान्यांचे करार झाले. पैसे मिळाले, हा बंगला त्यातूनच उभा आहे. आप्पा त्याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. "विहिरीचे मिळाले, आंब्याचे मिळाले," ते मिस्त्रीला म्हणाले. "बांधाचं कुणी विचारलंच नाही. मग मी ट्रॅक्टर लावला." नांगराला लागलेला प्रत्येक दगड आजोबांनी, मग वडिलांनी उचलून त्या बांधावर टाकला होता. शाळेला सुट्टी असली की आप्पांनीही. त्यातला कुठला दगड कुणी टाकला, हे कळायला मार्ग नाही. आप्पा मात्र अधूनमधून एखादा दगड हातात धरून नको इतका वेळ उभे राहतात, आणि कुणी बघितलं की सांधेमोडीवर बोलू लागतात.

भिंत आता कमरेइतकी झाली आहे. एक पावसाळा तिनं काढला. कडुलिंबाजवळ थोडी पोटाळली आहे. तेवढा भाग मिस्त्री दिवाळीनंतर काढून पुन्हा लावणार आहे. शेजारच्या सिमेंटच्या कंपाउंडला दोन तडे गेले, ते आप्पा प्रत्येक पाहुण्याला हात धरून दाखवतात. फटींत सरडे आले. विंचवाच्या भीतीनं काकू तिथं संध्याकाळी टॉर्च घेतल्याशिवाय जात नाहीत.

रस्त्याच्या बाजूची वीसेक फूट भिंत अजून बाकी आहे आणि दगड संपले आहेत. बिडकीन, पैठणच्या बाजूला कुणाचा जुना बांध मोडणार असेल, तर दगड खडी क्रशरला देण्याआधी आप्पांना एक निरोप द्यावा. ट्रॅक्टरचं भाडं ते देतात. फक्त उतरवून घेताना जरा थांबून हात लावावा; उजवा गुडघा आता साथ देत नाही, हे ते स्वतःहून सांगणार नाहीत.